आठवत नाही, तर केले कोणी?

सज्जनहो, ज्येष्ठ महिन्यातील गोष्ट आहे. पालखीचे दिवस जवळ आले होते. सायंकाळचा हरिपाठ आटोपून मंडळी आपापल्या घरी गेली होती आणि मी देवळातील समई सारखी करीत होतो. तेवढ्यात खांबाआड बसून राहिलेले एक गृहस्थ पुढे आले. वय पंचेचाळिशीच्या आसपास, हात कष्टाचे, नजर खाली. गाव त्यांना ओळखत होते, आणि कशामुळे ओळखत होते ते सांगावयास नको. पायांवर डोके ठेवून ते म्हणाले, "बुवा, माळ घालायची हाय."

मला आनंद झाला. परंतु त्यांचे बोलणे संपले नव्हते.

"पर त्याच्या आधी एक इचारायचं हाय. माघातल्या एका रातीला मी घरात हात उचलला, असं समदी म्हणत्यात. मंडळीच्या हाताचं हाड मोडलं. पोरगं आडवं आलं, त्यालाबी ढकललं म्हणं. बुवा, इठ्ठलाच्या पायाची आण, मला त्यातलं काय बी आठवत न्हाई. गुत्त्यावरनं उठलो एवढं ध्यानात हाय, मग एकदम सकाळच. आता सांगा, जे केल्याचं मला ठावच न्हाई, त्याचं पाप माझंच का? माझं असंल तर प्रायश्चित्त सांगा. आन् माझं नसंल, तर मग ते केलं कुणी?"

खरे सांगतो, मला उत्तर आले नाही. "उद्या या बाबा," एवढे म्हणून मी त्यांना वाटेस लावले. त्या रात्री झोप लागली नाही. पुढे मी जाणत्यांना विचारले, एका ओळखीच्या मनोवैद्यांकडे जाऊन बसलो, मिळाले ते वाचले. त्यातून जे हाती लागले ते वारकरी बंधुभगिनींपुढे ठेवतो. अशी घरे आपल्या प्रत्येक गावात आहेत, आणि दिंडीतून चालताना शेजारच्याच्या घरात काय आहे हे आपल्याला ठाऊक नसते.

पारावर या प्रश्नाची तीन उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर असे की, हे सारे ढोंग आहे. त्याला चांगले आठवते, पण अंगाशी येते म्हणून नाही म्हणतो. दुसरे असे की, बिचाऱ्याचा काय दोष? केले ते दारूने. शुद्धीत असला म्हणजे देवमाणूस आहे. तिसरे उत्तर आपल्यातील काही भाविक देतात. ते म्हणतात, कर्ता करविता पांडुरंग, ज्याचे त्याचे प्रारब्ध. ही तिन्ही उत्तरे एकेक करून तपासून पाहू.

पहिले उत्तर घेऊ. न आठवणे हे ढोंग असते काय? काही वेळा असेलही. माणूस खोटे बोलतो, त्याला दारूच लागते असे नाही. परंतु पिणाऱ्याची विस्मृती ही खरी गोष्ट आहे, हे आता वैद्यकशास्त्राने नीट दाखविले आहे. इंग्रजीत तिला 'ब्लॅकआउट' म्हणतात. अमेरिकेतील डॉक्टर डोनाल्ड गुडविन व त्यांचे सहकारी यांनी १९६९ साली शंभर मद्यासक्त रुग्णांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश रुग्णांना असे कोरे काळ येऊन गेलेले होते. काहींना तासन् तास काहीच आठवत नव्हते. काहींना तुकडे आठवत होते, आणि कोणी खूण सांगितली म्हणजे आणखी थोडे आठवत असे.

याचे कारण मेंदूत आहे. आता घडते ते पुढे टिकेल असे करून ठेवण्याचे काम मेंदूतील हिप्पोकॅम्पस नावाचा भाग करतो. रिकाम्या पोटी आणि भराभर दारू पोटात गेली, रक्तातील तिचे प्रमाण एकाएकी चढले, म्हणजे हा भाग आपले काम सोडतो. बाकीचा माणूस चालूच असतो. तो बोलतो, घरची वाट चुकत नाही, पैसे मोजून देतो, भांडतोही. समोरच्याला वाटते, हा सारे जाणून करतो आहे. त्या क्षणापुरते तो जाणतोही. परंतु लिहिणारा कारकून उठून गेलेला असतो आणि वही कोरी राहते. पूर्ण कोऱ्या रात्रीची आठवण कोठे दडून बसलेली नसते. ती मुळी लिहिलीच गेलेली नसते. म्हणून शपथ घाला, दटावा, मारा, त्याला ते आठवणार नाही.

याहून कठीण असाही एक प्रकार आहे. १८८७ साली रशियातील वैद्य सर्गेई कोर्साकोव्ह यांनी, वर्षानुवर्षे पिणाऱ्यांत दिसणाऱ्या एका रोगाचे वर्णन केले. त्यात माणसाला नवी गोष्ट ध्यानात राहत नाही, आणि पडलेली खिंडारे त्याचे मन आपोआप काहीबाही रचून बुजवते. काल कोठे होतास म्हटले तर तो बाजाराला गेलो होतो म्हणेल, गेलेला नसेल. तो खोटे बोलत नाही, त्याला ते खरेच वाटते. अन्नाकडे दुर्लक्ष होऊन थायामिन, म्हणजे 'ब-१' जीवनसत्त्व, शरीरात फार कमी पडले म्हणजे हा रोग जडतो, हे पुढे कळून आले. अशा माणसाला लबाड म्हणून हाकलून दिले, तर आपणच त्याला उपचारापासून दूर लोटले असे होईल.

म्हणून पहिले उत्तर टिकत नाही. माणसाला आठवत नाही म्हणजे तो ढोंगी, असे सरसकट म्हणता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ आले तेव्हा मी त्यांना विचारले, "अरे बाबा, पिण्याआधी काय होतं? का उठून जातोस?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी जे सांगितले ते मी कधी ऐकले नव्हते. त्यांचे वडीलही पीत आणि रात्री मारीत. "मी ल्हान हुतो तवा मार चालू झाला का माळवदाची लाकडं मोजायचो. येक, दोन, तीन. मोजता मोजता लागायचंच न्हाई. जनू मार दुसऱ्याच पोराला बसतोय. मग मोठा झालो तरी कवातरी तसंच व्हायचं. मान्सात बसलोय, पर मी तितं न्हाईच. प्यालं का ते आपसूक व्हतं, लाकडं मोजाया लागत न्हाईत."

मनोवैद्य यास 'डिसोसिएशन' म्हणतात. आपण त्याला मनाची फारकत म्हणू. फ्रान्सचे पियेर जाने यांनी १८८९ साली आपल्या ग्रंथात याचा सविस्तर विचार मांडला. एरवी आपली जाणीव, आठवण, भावना आणि देहाचे भान एका दावणीला बांधलेली असतात. असह्य प्रसंगी ही दावण सुटते. पळून जाता येत नाही अशा लेकराचे मन देह तिथेच टाकून निघून जाते. त्या वेळी ते लेकराचे रक्षणच असते. परंतु ही वाट एकदा पायाखालची झाली, की पुढे लहानशा दुःखालाही मन त्याच वाटेने निघते. ज्यांनी बालपणी मार, अत्याचार किंवा हेळसांड सोसली, त्यांच्यात ही फारकत अधिक आढळते. काही संशोधकांनी असेही मत मांडले आहे की, ज्यांना मनाने निघून जाणे साधत नाही किंवा पुरत नाही, ते दारूकडून तेच काम करून घेतात. सगळेच पिणारे असे नसतात. कोणी सोबतीने लागतो, कोणी कष्टाचा शीण म्हणून घेतो. परंतु काहींच्या बाबतीत बाटलीच्या मागे एक मार खाणारे पोर उभे असते, हे आपण विसरू नये.

येथे कोणी म्हणेल, "बुवा, हे सारे खरे, पण काहींचा स्वभावच तसा असतो. तो मुळातच वाया गेलेला." या म्हणण्यातही थोडे तथ्य आणि पुष्कळ घाई आहे. स्वभावाचा भाग आहे. उतावीळपणा, मनात आले की करून मोकळे होणे, हा गुण मद्यासक्तांत अनेकदा दिसतो. १९८७ साली अमेरिकन मनोवैद्य रॉबर्ट क्लोनिंजर यांनी दोन प्रकार मांडले. एक उशिरा लागणारा, भित्रा, काळजीखोर, प्याल्यावर मनात खजील होणारा. दुसरा लहान वयात लागणारा, धाडसी, उतावळा, भांडखोर. प्रत्यक्ष माणसे अशी दोन खणांत नीट बसत नाहीत; पुष्कळांत दोन्हींचे मिश्रण असते. परंतु या दोन प्रकारांवरून एवढे कळते की मद्यप्याचा स्वभाव एकच एक नसतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट जॉर्ज वेलंट यांनी दाखविली. अमेरिकेतील काही पुरुषांचा तरुणपणापासून कित्येक दशके मागोवा घेण्यात आला होता. त्याआधारे १९८३ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी लिहिले की, पुढे मद्यासक्त झालेली बहुतेक माणसे आधी काही निराळ्या स्वभावाची नव्हती. आपण ज्याला त्यांचा स्वभाव म्हणतो, तो चिडखोरपणा, संशय, रडवेपणा, खोटेपणा, तो पुष्कळसा पिण्याचा परिणाम असतो. झाडाला कीड लागून पान वाकडे झाले, आणि आपण म्हणतो हे झाडच वाकड्या पानाचे. म्हणून कोणाला "मुळातच तसा" म्हणण्यापूर्वी त्याला काही महिने कोरडा राहू द्यावा, मग त्याचा स्वभाव पाहावा.

आता दुसऱ्या उत्तराकडे वळू. आठवत नाही हे खरे. दुःखाचे मूळ बालपणात आहे हेही खरे. रोग आहे हेही खरे. मग केले ते दारूने, माणूस मोकळा, असे म्हणावे काय?

कायद्याने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केला आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ८५ व ८६ ही नशेविषयी होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तीत हाच विचार कलम २३ व २४ मध्ये आला आहे. त्याचा मथितार्थ असा की, कोणी न कळत किंवा इच्छेविरुद्ध नशा पाजली आणि माणसाला आपण काय करतो हेच कळेनासे झाले, तर गोष्ट निराळी. परंतु आपल्या हाताने प्याला, तर शुद्धीत असता जे ज्ञान त्याला असते ते होतेच, असे धरून त्याला जाब विचारला जातो. म्हणजे कायदा माणसाला त्या रात्रीच्या अकरा वाजता नव्हे, संध्याकाळी सहा वाजता गाठतो. पहिला घोट घेताना तू शुद्धीत होतास ना? मागच्या वेळी काय झाले ते तुला कोणी सांगितले होते ना?

हे बरोबर आहे, पण पुरते नाही. कारण ज्याला व्यसनच जडले, त्याचा संध्याकाळचा सहाचा क्षणही पूर्ण मोकळा नसतो. हात कापतात, घाम फुटतो, जीव कासावीस होतो. "घेऊ नको" हे त्याला सांगणे तहानेल्याला पाणी पिऊ नको म्हणण्याइतके सोपे आहे, आणि तितकेच निरुपयोगी. मग तो मोकळा असतो तरी केव्हा?

मला वाटते, तो सकाळी मोकळा असतो. शुद्ध आलेली असते, घरातली माणसे गप्प असतात, कोणाच्या तरी गालावर वळ असतो. त्या वेळी त्याच्यापुढे दोन वाटा असतात. "काय झालं रात्री? मला सांगा," असे विचारणे ही एक, आणि "मला काही आठवत नाही" असे म्हणून विषय मिटविणे ही दुसरी. न आठवणे हा त्याचा अपराध नव्हे. न आठवण्याच्या आड बसून राहणे हा मात्र त्याचा, आणि तो पूर्ण शुद्धीत केलेला. रात्रीचे कर्म करताना त्याची इच्छा किती होती हे देव जाणे. सकाळची टाळाटाळ करताना ती पुरी असते. आणि "मला एकट्याने सोडवत नाही, मला कोणाकडे तरी न्या," हे म्हणण्याइतके मोकळेपण त्या सकाळी बहुतेकांना असतेच.

तिसऱ्या उत्तराविषयी थोडे तीव्र लिहावे लागते, कारण ते आपल्या घरचे आहे. कर्ता करविता पांडुरंग, हे वाक्य आपण नम्रतेने म्हणतो. शेत पिकले, वारी घडली, कीर्तन रंगले, तर ते मी केले असा ताठा येऊ नये म्हणून म्हणतो. ते पुण्याच्या बाजूने म्हणावयाचे वाक्य आहे. बायकोचा हात मोडून ते म्हणणे म्हणजे आपला मळ देवाच्या अंगाला पुसणे होय. संतांनी कर्तेपणाचा अभिमान टाकण्यास सांगितले. कर्तव्याचा भार टाकण्यास कोठे सांगितले? ज्याने चांगल्याचे श्रेय सोडले आणि वाइटाचा दोष उचलला, त्याने अभिमान टाकला. ज्याने दोष देवावर घातला, त्याने अभिमान तसाच ठेवून फक्त ओझे दुसऱ्याच्या डोक्यावर दिले.

येथे एक शंका प्रामाणिकपणे घेतली पाहिजे. एका कॉलेजातील मुलाने ती मला विचारली. "बुवा, भजनात तुम्हीही देहभान विसरता. दिंडीत उडी घेताना म्हातारे गुडघे दुखायचे विसरतात. मग दारूड्याचे विसरणे आणि तुमचे विसरणे यात फरक काय?" प्रश्न वाह्यात नाही. मनोवैद्यही असे मानतात की एखाद्या गोष्टीत बुडून जाणे आणि मनाची फारकत होणे ही काही अंशी शेजारची घरे आहेत.

फरक पाहावयाचा तर पखवाज वाजविणाऱ्याकडे पाहा. रंगात आलेला तो स्वतःला विसरतो, पण त्याची सम चुकत नाही. शेजारचा टाळकरी चुकला तर त्याला कळते. विणेकऱ्याने नुसती मान हलवली तरी तो लय धरतो. म्हणजे तो 'मी' विसरला, पण 'आपण' विसरला नाही. भजन संपल्यावर त्याला सारे आठवते, आणि घरी जाताना तो वाटेतल्या म्हातारीची पिशवी हातात घेतो. दारूत उलट होते. तेथे शेजारचा सगळा नाहीसा होतो आणि 'मी' तेवढा शिल्लक राहतो. मला बोलला, माझा अपमान केला, माझे पैसे. म्हणून विसरणे चांगले की वाईट हे विसरणाऱ्याला विचारू नये. तो विसरला तेव्हा त्याच्या शेजारच्यांचे काय झाले, ते त्यांना विचारावे. आणि ही कसोटी आपल्यालाही लावावी. टाळ कुटून घरी आल्यावर सुनेला टाकून बोलणाऱ्याचे देहभान भजनात हरपले होते, यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

असो. त्या गृहस्थांना मी काय सांगितले ते आता सांगतो.

मी म्हणालो, "बाबा, तुझी वही कोरी आहे हे मी मानतो. पण त्या रात्रीची दुसरी वही तुझ्या घरात आहे. तुझ्या मंडळींना सारे आठवते. ते जाऊन ऐक. मधे बोलू नको, 'मी तेव्हा शुद्धीत नव्हतो' असे म्हणू नको. सांगायचे की नाही हे मात्र त्या माउलीने ठरवायचे. आणि ऐकण्याआधी दवाखान्यात जा."

दवाखाना आधी का, हे वारकऱ्यांनी ध्यानात ठेवावे. रोज भरपूर पिणाऱ्याने भावनेच्या भरात एका दिवसात दारू तोडली, तर काहींना फिट येतात, आणि दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन प्रसंगी प्राणावर बेतते. आपण माळ घालून त्याला वाटेत चालावयास लावावे आणि तिसऱ्या मुक्कामी त्याने जीव सोडावा, हे पाप आपल्या माथी येईल. डॉक्टरांच्या नजरेखाली औषध घेऊन दारू सोडता येते. त्यानंतर मनाचे काम सुरू होते. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, त्याला पु. ल. देशपांडे यांचे मोठे साहाय्य झाले. अशी कामे आता इतरत्रही चालतात. अमेरिकेत १९३५ साली दोघा मद्यासक्तांनी एकमेकांना सावरण्यासाठी जी मंडळी काढली, ती 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' आपल्याकडेही आहे. तिच्या सभा गावोगाव भरतात, तेथे पैसे लागत नाहीत आणि आडनाव विचारीत नाहीत. १९३९ साली त्यांनी आपल्या बारा पायऱ्या छापल्या. पहिल्याच पायरीत ते दारूपुढे आपले काही चालत नाही अशी कबुली देतात, आणि आठव्या-नवव्या पायरीत आपण कोणाकोणाला दुखावले त्याची यादी करून, शक्य तेथे भरपाई करतात. मात्र भरपाईने त्या माणसाला आणखी इजा होणार असेल तेथे थांबतात. गंमत पाहा, जो म्हणतो माझे काही चालत नाही, तोच म्हणतो चूक माझी. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. आपण त्यांची उगाच भांडणे लावतो.

ते गृहस्थ त्या वर्षी वारीला आले नाहीत, उपचाराला गेले. परत आल्यावर एके दिवशी दोघे नवराबायको देवळात आली. बाई खांबापाशी बसल्या. मला म्हणाल्या, "बुवा, ह्यांना आठवत न्हाई ते बरं हाय. आमास्नी आठवतंय. मी सांगितलं समदं. ह्यांनी ऐकलं. रडलं. पर मला रडायचं काय नवाल न्हाई, लई येळा रडल्यात. मला येकच सांगायचं हुतं, त्ये सांगितलं." मी विचारले, काय ते? त्या म्हणाल्या, "पोरगं हल्ली जेवता जेवता थांबतंय. हाक मारली तर ऐकत न्हाई. कुठं गेला हुतास म्हटलं, तर म्हनतंय, 'कुठं न्हाई, लाकडं बघतोय.'"

ते गृहस्थ भिंतीकडे तोंड करून बसले होते. ते हळूच म्हणाले, "बुवा, मला उत्तर गावलं. केलं ते मीच."

सज्जनहो, मी प्रायश्चित्त सांगितले नाही. त्यांनीच ते घेतले. रोज रात्री मुलगा झोपेपर्यंत ते घरात शुद्धीत बसतात. पाच-सहा महिन्यांनी एकदा पाय घसरला, दोन दिवस गेले, पुन्हा दवाखाना झाला. घसरणे या रोगात होते. त्यावरून सारे फुकट गेले असे समजू नये. बाईंनी क्षमा केली की नाही, हे मी विचारलेले नाही आणि कोणी विचारूही नये. आपल्यात एक वाईट खोड आहे. नवऱ्याने माळ घातली की आपण बायकोला म्हणतो, "आता झाले गेले विसर." ज्याला आठवत नाही त्याची समजूत काढावी आणि जिला विसरता येत नाही तिलाच विसरावयास सांगावे, हा कोठला न्याय? घरात मार होत असेल तर त्या बाईला संरक्षण मागण्याचा हक्क २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने दिलेला आहे. तो तिला सांगणे हेही आपल्या धर्माचेच काम आहे.

तात्पर्य एवढेच. "आठवत नाही" म्हणणाऱ्याला खोटा ठरवू नका. त्याला सोडूनही देऊ नका. त्याला त्याची कोरी वही ज्याच्याजवळ भरलेली आहे त्याच्यापर्यंत नेऊन पोचवा, आणि वाटेत दवाखाना लागतो तो चुकवू नका. पाप कोणाचे हा हिशेब पांडुरंगाकडे आहे. भरून कोणी द्यावयाचे, हा हिशेब मात्र आपल्या घरातच होतो.

यंदाच्या वारीत ते आमच्या दिंडीत होते. गळ्यात माळ होती. दर मुक्कामी संध्याकाळी कोणाच्या तरी फोनवरून घरी बोलत. एकदा मी ऐकले. ते मुलाला विचारीत होते, "आज कुठं गेला हुतास रं?" पलीकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. परंतु ते हसले, आणि येऊन टाळ घेऊन बसले.

रामकृष्ण हरि.